तीन टाके

२४ मार्च २०२५

प्रिय जास्मिनवहिनींस,

सलाम. यानंतर ‘आम्ही सर्व खुशाल आहोत’ असं लिहायची सवय पप्पांनी मला लावली होती. पण ते खरं नाही, म्हणून लिहीत नाही.

माहेरी गेल्यापासून तुम्ही माझा नंबर ब्लॉक केला आहे. बरोबर केलंत. तसाही माझा मोबाईल दादा रोज बघतो. हे पाकीट गोजरबाई सुप्याच्या पोस्टात टाकतील. त्या यंदाही आपल्याकडे कांद्याला येतात. उत्तर द्यावंसं वाटलं तर त्यांच्या नावावर द्या, माझं नाव घालू नका.

पत्राचं कारण चर्चच्या वेदीवरचं कापड. बारापैकी सात ओंब्या तुम्ही भरल्यात, पाच राहिल्या. ईस्टर वीस एप्रिलला आहे आणि महिला मंडळाने आपलं नाव पाळकांना कळवून टाकलं आहे. दाणे मला जमतात. पण टोकाची केसासारखी बारीक कुसं तुम्ही कशी काढता? माझी कुसं जाड येतात, गव्हापेक्षा बाजरीसारखं दिसतं. तीन वेळा उसवलं. आता तिथलं कापड विरायला लागलंय, चौथ्यांदा उसवलं तर भोक पडेल.

वेळही मिळत नाही. गव्हाचं मशीन कालच येऊन गेलं. कांदे निम्मे निघाले, निम्मे जमिनीत आहेत. आईने पाच पायल्यांच्या कुरडया काढल्या. उपवासकाळातल्या घरोघरच्या प्रार्थना चालू आहेत, आपल्या घरची शुक्रवारी झाली. सव्वीस एप्रिलला काकांकडे लग्न. आपला तास आठवतो. अडीच ते साडेतीन. आई आडवी झालेली, बाया लिंबाखाली भाकरी खाऊन पडलेल्या, आणि आपण दोघी रिकाम्या कांदाचाळीत क्रेट उलटे घालून बसलेल्या. तुम्ही म्हणायचात, “दिवसाचे तेवीस तास तुझ्या घरचे, हा एक माझ्या बोटांचा.” मी अजून अडीचला चाळीत जाते. बसते आणि उठते.

तुम्हाला दुसरं कुणी सांगणार नाही म्हणून सांगते. तुमच्या साड्या दादाने सोळा तारखेला अंगणात जाळल्या. तुमची पत्र्याची पेटी तेवढी वाचली. आई दारात आली आणि म्हणाली, “जस्टिन, धूर घरात येतोय, जरा लांब जाळ.” एवढंच म्हणाली. मी तेही म्हणाले नाही.

अपघातानंतर तुमचा हात

वरची ओळ मी पुरी करत नाही. अपघात हा शब्द माझाच आहे. तो मी वीस तारखेला, तुमच्या तक्रारीवरून आलेल्या हवालदारांनाही दिला. तुम्हाला तुमच्या स्टीफनकाकांनी सांगितलंच असेल, पण माझ्या हातचं असावं म्हणून लिहिते. जबाबात असं आहे: ‘माझी वहिनी शिवणयंत्रावर काम करत असताना तिचे लक्ष विचलित होऊन उजव्या हाताचे पहिले बोट चुकून सुईखाली गेले. त्या वेळी मी तिथेच हजर होते. माझ्या भावाचा त्याच्याशी संबंध नाही.’ खाली माझी सही आहे. सही नीट आली आहे.

कुसांसाठी दोरा एकपदरी घेता की दोनपदरी, एवढंच कळवा. तेही नाही कळवलं तरी मी समजेन.

प्रार्थना


२ एप्रिल २०२५

वहिनी,

तुमची चिठ्ठी गोजरबाईंनी कांद्याच्या पाटीत पातीखाली लपवून आणली. “घे, लव्हलेटर आलंय,” म्हणाल्या आणि माझं तोंड बघून पात झाडू लागल्या.

दोनच ओळी आहेत. ‘मला लिहून काय उपयोग. खरं ठाण्यात सांग.’ त्या मी कितीदा वाचल्या सांगत नाही. आधी मला कळलंच नाही की अक्षर तुमचं आहे. ‘उपयोग’ची मात्रा दूर पडली आहे, काना वाकडा आहे. मग कळलं, डाव्या हाताने लिहिलंय. म्हणजे नगरच्या डॉक्टरांनी बोट ठेवलं नाही. आईने मला ‘पट्टी निघाली, बरी आहे’ एवढंच सांगितलं होतं. किती कापलं तेही मला ठाऊक नाही, आणि विचारायला तोंड नाही.

ठाण्यात सांगायच्या आधी एकदा इथे लिहून बघते. तोंडाने म्हणायला गेले की जबाबातलंच वाक्य बाहेर येतं. काही चुकलं तर तुम्ही ओळखालच.

तेरा मार्च, गुरुवार. होळी म्हणून कंपनीने दादाला दुपारीच सोडलं. मी फाटकाजवळ बाजेवर कुरडया उलथत होते. तीन वाजले होते. तुम्ही चाळीत नव्हतात, कारण कापडाच्या कडेची दुमड हाताने नीट येत नव्हती. तिला मशीनचीच टीप हवी होती. दादाने मशीन बंद केलं होतं. सुप्याच्या शिवणवर्गाला तुम्ही दोनदा गेलात, एकदा यायला सात वाजले, त्या दिवशी त्याने तुमच्या कानाखाली मारली आणि मशीनचा चामडी पट्टा काढून स्वतःच्या कपाटात ठेवला. कांदे निघेपर्यंत सुईला हात लावायचा नाही म्हणाला. तुम्ही जुन्या नायलॉन साडीची पट्टी वेणीसारखी विणून पट्ट्याच्या जागी बांधलीत. मला दाखवून हसलात. “तुझ्या दादाला सांग, बायकोकडं पट्टे लई आहेत.”

दादाने गाडी लावली. “जास्मिन कुठंय?”

मला सांगता आलं असतं, शेतात आहे. विहिरीवर आहे. मला माहीत नाही. यातलं काहीही. त्याने माझ्याकडे बघून हसून म्हटलं, “तू तर खोटं बोलत न्हाईस ना?” आणि मी म्हणाले, “मागच्या खोलीत. मशीनवर.”

हे मी केलं. हे जबाबात कुणी विचारलंच नाही.

मी त्याच्यामागे गेले, पण नेहमीसारखी लंगडत, सावकाश. पोचले तेव्हा तो तुमच्या मांडीवर गुडघा देऊन उभा होता. तुमचं मनगट त्याच्या डाव्या हातात होतं. तो ओरडत नव्हता. “शिव ना,” म्हणत होता. “थांबलीस कशाला? शिव.” नायलॉनची पट्टी तुटून खाली पडली होती, म्हणून त्याने मशीनचं चाक हाताने फिरवलं.

पहिला टाका नखातून गेला. तुम्ही ओरडलात ते तेव्हाच. दुसऱ्या टाक्याला तुमच्या तोंडातून आवाज आला नाही, नुसता श्वास आत गेला. तिसऱ्याला सुई हाडात मोडली आणि चाक अडकलं. त्याने ते आणखी एकदा जोर लावून बघितलं. मग सोडलं, हात पँटीला पुसले आणि मला म्हणाला, “बघत काय बसलीस? पाणी आण.”

तीन टाके. मी मोजले. मला मोजायची सवय आहे.

आता जे लिहिते ते तुम्हाला माहीत नाही. तुमचे डोळे मिटले होते. कापड मशीनवरून घसरत होतं आणि खाली रक्त होतं. मी पुढे झाले आणि कापड उचललं. वहिनी, मी आधी कापड उचललं. डाग पडू नये म्हणून घडी करून कपाटावर ठेवलं. त्यानंतर तुमच्याकडे वळले. तुमच्या बोटातून मशीनपर्यंत पांढरा दोरा ताणलेला होता, तो लाल होत चालला होता. पप्पांच्या कात्रीने मी तो कापला.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तुम्ही दातखीळ बसल्यासारख्या होतात. दादा बाहेर गाडी लावत होता. तिथे मी एकटी होते, मला कुणी धरलं नव्हतं. तरी मी म्हणाले, “शिवताना बोट गेलं.”

का, ते शोधते आहे. सापडलं की लिहीन.

प्रार्थना


९ एप्रिल २०२५

वहिनी,

सोमवारी सुप्याला गेले. आईला सांगितलं, पांढरा दोरा संपला. तो खरंच संपला होता, नाहीतर मला तेही सांगता आलं नसतं. ठाण्यासमोर चहाच्या टपरीचं बाक आहे. तिथे पावणेदोन तास बसले. चहावाला म्हणाला, “ताई, साहेब जेवायला गेलेत, येतील.” साहेब आले, पुन्हा गेले. मी दोरा घेतला आणि परतीची जीप पकडली.

कांदे कापताना गोजरबाईंनी विचारलं, “सांगितलं का?” मी नाही म्हणून मान हलवली. त्यांनी पात छाटली, कांदा क्रेटमध्ये टाकला आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “लई गुणाची नणंद गं तू. वहिनीचं बोट गेलं, आन तुझं तोंड गेलं.”

बाया हसल्या. मी कापत राहिले. गोजरबाई मग हळू म्हणाल्या, “माझ्या मालकानं माझा हात चुलीत धरला हुता. सासू शेजारीच भाकरी थापीत हुती. तिनं काय केलं सांगू? तवा बाजूला घेतला. भाकर करपू नये म्हनून.”

मी त्यांना कापडाचं सांगितलेलं नव्हतं. कुणालाच सांगितलेलं नाही, तुमच्याशिवाय.

संध्याकाळी दादाने विचारलं, “सुप्याला कशाला गेल्तीस?”

“दोरा आणायला.”

“आन?”

तो असं ‘आन?’ म्हणतो तेव्हा मी पुन्हा आठ वर्षांची होऊन जाते. म्हणाले, “ठाण्यापर्यंत गेले. आत गेले नाही.”

तो मला मारत नाही, तुम्हाला माहीत आहे. तो मागच्या खोलीत गेला. पप्पांचं मशीन लाकडी फळीपासून उपटून छातीशी धरून ओट्यावर आणलं आणि खाली दगडावर आपटलं. ओतीव लोखंडाचं, दोन तुकडे झाले. आई मध्ये आली तर तिला केसाला धरून बाजूला लोटली. ती पायरीवर पडली, कपाळ फुटलं. सकाळी शेजारच्या कडूबाई दूध घ्यायला आल्या, तर आई स्वतःहून म्हणाली, “न्हाणीत पाय घसरला बघा.” कुणी विचारलंही नव्हतं. मी तिच्या कपाळावर हळद दाबत होते. माझ्या जबाबातलं वाक्य मी कुठे शिकले, ते तेव्हा समजलं.

आईने मला नंतर जवळ घेतलं. वीस तारखेला हवालदार दारात असतानाही असंच घेतलं होतं. “त्यो आत गेला तर माझ्या मयताला खांदा कोन देईल? तू?” म्हणाली. “बोट गेलं ते काय परत येतंय का? जीव तर न्हाई गेला.”

दुसरं एक सांगायचं आहे. तुम्ही मला एकदा विचारलं होतं, दादा असा कशाने झाला. मी म्हणाले होते माहीत नाही. थोडं माहीत आहे.

माझ्या पायाला सारखं प्लास्टर असायचं म्हणून तिसरीपर्यंत माझी शाळा पप्पांच्या शिवणाच्या टेबलाखालीच होती. पप्पा मांजरपाटाच्या चिंध्यांवर खडूने अक्षर काढायचे आणि मी त्यावर धावदोरा घालायची. ग, म, भ, न. चुकलं की म्हणायचे, “उसव. चुकीच्या टाक्यावर दुसरा टाका घालायचा नाही. वरून झाकलं की कापड ओढतं.” सगळं असं शिकले मी, गणितसुद्धा. आणि खोटं न बोलणं. पप्पा संध्याकाळी दादाला उभं करून मला विचारायचे, “प्रार्थना, आज दादाने काय केलं?” मी सांगायची. सुई मोडली. शाळा बुडवली. गिऱ्हाइकाचा तागा खराब केला. मग पप्पा लोखंडी गज घ्यायचे. मोजून मारायचे, मी मोजायची. एकदा त्याच्या कोपराचं हाड दिसलं. झालं की पप्पा मला जवळ घ्यायचे आणि म्हणायचे, “माझी लेक खरं बोलते.”

माझ्या खरं बोलण्याचा मार आजवर दुसऱ्यालाच बसला, वहिनी. आधी दादाला, मग तुम्हाला. दवाखान्यात मी खोटं बोलले ते दादाला वाचवायला असं मला वाटत होतं. आता वाटतं, मला पुन्हा गज मोजायचा नव्हता. याने त्याचं काही माफ होत नाही. तो तेव्हा दहा वर्षांचा होता, चाक फिरवताना चौतीस वर्षांचा होता.

हवालदार म्हणाले होते, जबाबात काही बदल असेल तर कागद कोर्टात जायच्या आधी या. कोर्टात महिनाअखेर जाणार आहेत.

कापड झालं नाही. तीन ओंब्या राहिल्या.

प्रार्थना


१९ एप्रिल २०२५

वहिनी,

आज शनिवार. उद्या ईस्टर. सगळं क्रमाने लिहिते, मध्ये थांबले तर लिहिणार नाही.

काल उत्तम शुक्रवार. तीन तासांची भक्ती संपवून आम्ही चारला घरी आलो. दादाने चर्चमध्ये क्रुसावरच्या सात वचनांतल्या चौथ्या वचनानंतर प्रार्थना केली. सुंदर केली. मागच्या बाकावरच्या बाया डोळे पुसत होत्या.

मी कापड घेऊन चाळीत गेले. चाळ आता भरली आहे, दारापाशी एका माणसाला बसण्यापुरती जागा आहे. शेवटच्या ओंबीची कुसं घालत होते. कशी घालायची ते तुमच्याच ओंबी नंबर चारच्या उलट्या बाजूने बघून कळलं. एकपदरी दोरा, आणि सुई दाण्याच्या खालून वर येते. तुम्ही सांगितलं नाहीत, तुमच्या टाक्यांनी सांगितलं.

दादा दारात आला. त्याच्या हातात तुमची चिठ्ठी होती. माझ्या बायबलात होती, भक्तीत त्याने ते शेजारून घेतलं होतं.

“तिला पत्रं लिहितीस?”

“हो.”

“काय लिहितीस?”

“जे झालं ते.”

त्याने चिठ्ठी तोंडात घातली आणि चावून खाल्ली. खरंच. माझ्याकडे बघत खाल्ली, गिळली. मग खाली वाकून कापड ओढलं. “हे बी तिचंच ना? हे बी जाळतो.” माझ्या मांडीवर कात्री होती. पप्पांची, अकरा इंची. एका हाताने मी ती पकडली, दुसऱ्याने कापड सोडलं नाही. त्याने मला कापडासकट फरफटत बाहेर ओढलं, माझा दुखरा पाय क्रेटमध्ये अडकला. त्याने दुसरा हात माझ्या हातावर ठेवून एकेक बोट उलगडायला सुरुवात केली. “सोड. तुझं बी बोट घालू का सुईखाली?”

मी कात्री मिटलेली धरली आणि त्याच्या हातात खुपसली. पंजाच्या मधोमध, वरून. ती दुसऱ्या बाजूने थोडी बाहेर आली. मी ती काढली. आणि मग, वहिनी, मी पुन्हा मारली. दुसऱ्यांदा मारायची गरज नव्हती. त्याने तोवर कापड सोडलं होतं, तो गुडघ्यावर बसला होता. दुसरा घाव दंडावर बसला. तिसऱ्यासाठी माझा हात वर गेला होता. आईची किंकाळी ऐकली म्हणून तो तसाच राहिला.

मला बरं वाटलं. हे लिहिलं नाही तर बाकी सगळं खोटं ठरेल. दुसऱ्या घावाला मला फार बरं वाटलं.

कापडाच्या मधोमध रक्त आहे. या वेळी मी ते उचललं नाही, तिथेच पडू दिलं.

पण मी पत्र त्यासाठी लिहीत नाही. लिहिते ते पुढच्यासाठी. दादा स्वतःच गाडीवर बसून दवाखान्यात गेला, हाताला फडकं गुंडाळून. तासाभराने हाताला पट्टी बांधून आला. टाके पडलेत. आई म्हणाली, “डागदर काय म्हनले? पोलिसात कळवलं?” तो हसला. खाटेवर बसला, मला समोर बसवलं, पाणी मागितलं आणि मी दिलेलं पाणी प्यायला.

“मी सांगितलं, कांद्याची पात कापताना कात्री लागली. चुकून.” मग म्हणाला, “बघ प्रार्थना. तू माझ्यासाठी बोललीस, मी तुझ्यासाठी बोललो. फिटलं. आता तू जबाब बदललास, तर मला बी बदलावा लागेल. पायानं अधू पोर, वर पोलीस केस. कोन करील तुझ्याशी लग्न?” आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला, पट्टी असलेला. तो पहिल्यांदाच माझ्याशी इतक्या मायेने बोलला. आई रडत म्हणाली, “देवानं पोरांना सद्बुद्धी दिली.”

मग आम्ही जेवलो. मी भात वाढला, त्याला डाव्या हाताने जेवता येत नव्हतं, म्हणून आईने भरवला.

रात्रभर मला एकच दिसतंय. आम्ही तिघं आता एका टाक्याने शिवलेले आहोत. आईचं कपाळ, दादाचा हात, माझी सही. सगळं चुकून. यात तुमच्या बोटाला जागाच उरत नाही.

कागद कोर्टात जायला दहा दिवस आहेत. मला भीती वाटते. तुरुंगाची वाटते, आणि आईची त्याहून जास्त.

प्रार्थना


२३ एप्रिल २०२५

वहिनी,

हे पत्र मी स्वतः पोस्टात टाकणार आहे. मागे पत्ता गोजरबाईंचाच आहे, कारण सध्या मी तिथे राहते.

ईस्टरला वेदीवर गेल्या वर्षीचं कापड होतं. मंडळाच्या बायांना मी सांगितलं, आमचं झालं नाही. कुणी कारण विचारलं असतं तर तिथेच सांगितलं असतं, पण सगळ्यांना अंडी वाटायची घाई होती.

सोमवारी सकाळी निघाले. गोजरबाईंनी दिवसाची मजुरी बुडवली आणि बरोबर आल्या. जीपमध्ये म्हणाल्या, “टपरीवर बसायचं न्हाई. मला चहाची सवय न्हाई, आन तुझी मला खात्री न्हाई.” माझा दंड धरून त्यांनी मला थेट आत नेलं.

मी पिशवीतून तीन वस्तू टेबलावर ठेवल्या. कात्री. कापड. आणि बाटलीच्या झाकणात मोडक्या सुईचं वरचं टोक. मशीन फुटलं त्या दिवशी मी ते तुकड्यांमधून शोधून ठेवलं होतं. खालचं टोक तुमच्या नगरच्या डॉक्टरांकडे असेल.

हवालदार तेच होते. मी आधी तुमचं सांगितलं. फाटकापासून सांगितलं, ‘मशीनवर’ हा माझा शब्दही. कापड उचललं तेही सांगितलं. ते लिहिताना थांबले, म्हणाले, “हे कशाला? याची गरज नाही.” मी म्हणाले, लिहा. मग शुक्रवारचं सांगितलं.

त्यांनी पेन खाली ठेवलं. “मॅडम, भावाची काही तक्रार नाही. दवाखान्याचा कागदसुद्धा अपघाताचा आहे. तुम्हाला कुणी विचारलेलं नाही. तुम्ही स्वतःवर का घेताय?”

“पहिल्यांदा पण डॉक्टरांना मीच अपघात सांगितला होता,” मी म्हणाले. “एक उसवून दुसरा ठेवता येणार नाही.”

गोजरबाई मागून म्हणाल्या, “साहेब, लिहा. ही पोरगी अशीच हाय, न्हाई लिहिलं तर उद्या परत यील.”

“कितीदा मारली?”

“दोनदा.”

“दुसऱ्यांदा स्वतःला वाचवायला?”

मला वाट होती. ते वाट देत होते, त्यांचा आवाज मऊ झाला होता. “नाही,” मी म्हणाले. “दुसऱ्यांदा तो खाली बसलेला होता.”

सही केली. या वेळी ‘र्थ’ बिघडला. त्यांनी पुन्हा करायला सांगितलं नाही.

दादाला मंगळवारी कंपनीच्या फाटकावरून नेलं. माझ्यावरही गुन्हा लिहिला आहे, नोटीस देऊन सोडलं, बोलावतील तेव्हा जायचं. मी घरी गेले तर आईने दार लावून घेतलं होतं. आतून म्हणाली, “मला लेकरंच न्हाईत.” मी ओट्यावर थोडा वेळ बसले. कडूबाई दूध घ्यायला आल्या, मला बघून परत गेल्या. मग दार न उघडता आईने खिडकीतून माझी कपड्यांची पिशवी खाली टाकली. त्यात पप्पांचा खडूचा डबा होता. तो मी मागितला नव्हता.

तुमच्या घरी आता पोलीस येतील, पुन्हा विचारतील. त्याचा त्रास होईल. वकील म्हणतील, नणंदेवरच केस आहे, तिचा जबाब काय धरायचा. मी हवालदारांनाही विचारलं. ते म्हणाले, होऊ शकतं. म्हणजे मी दुसऱ्या घावाचं सांगून तुमचं नुकसानही केलेलं असेल. हे मी त्या खुर्चीत बसूनच ओळखलं होतं, तरी सांगितलं. रागवायचं असेल तर याच्यावरही रागवा.

तुमच्याकडून काही मागत नाही. तुमच्या माहेरी, अकोल्याला येते असंही म्हणणार नाही.

सोबत एक चिंधी पाठवते. गोजरबाईंकडे अडीच ते साडेतीन मला मोकळे असतात, कांदे संपलेत. गेले दोन दिवस उजवा हात पाठीमागे ओढणीने बांधून बसते. खडूने अक्षर काढते, तेही डाव्या हाताने, आणि त्यावर धावदोरा घालते. गोजरबाई म्हणतात, “दोन हात आस्ताना एकानं शिवनारी येडी पयल्यांदा बघितली.” सुई ओवायला पहिल्या दिवशी अर्धा तास लागला. युक्ती अशी सापडली: सुई कांद्यात टोचून उभी ठेवायची आणि दोरा सुईकडे न्यायचा. कापड गुडघ्याखाली धरायचं. टाका उजवीकडून न घेता डावीकडून घ्यायचा, म्हणजे मनगट वळत नाही. अंगठा आणि मधलं बोट पुरतं, पहिल्या बोटाची गरज फक्त गाठीला लागते. गाठीचं अजून जमलेलं नाही. जमलं की लिहीन.

ग बरा आलाय. म वाकडा आहे. भ मध्ये दोन टाके जास्त पडले. पप्पा असते तर उसवायला लावलं असतं. मी उसवलेलं नाही. डाव्या हाताला पहिल्यांदा एवढंच येतं, ते तुम्हाला कळावं.

न च्या टोकाला दोरा कुरतडल्यासारखा दिसेल. कात्री ठाण्यात जमा आहे, म्हणून दातांनी तोडला.

प्रार्थना